गुडघ्यावरचे दोन टाके

मित्रांनो, मी एक जुनी जीन्स आहे. जुनी म्हणजे फार नाही, सहा वर्षांची. माणसाच्या पोराला सहाव्या वर्षी शाळेत घालतात. आमच्या जातीचं सहाव्या वर्षी पायपुसणं होतं. मी मात्र अजून बदलापुरात एका गॅलरीतल्या दोरीवर वाळते आणि दर रविवारी अंगात घातली जाते. हे कसं घडलं, ते सांगायला मी तोंड उघडलं आहे. तोंड म्हणजे डाव्या गुडघ्यावर भोक आहे ना, ते.

उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पात, एका गाळ्यात माझा जन्म झाला. शिवून झाले तेव्हा मी इतकी ताठ होते की भिंतीला टेकवली असती तर उभी राहिले असते. रंग गडद निळा. शिवण दुहेरी, पिवळ्या दोऱ्याची. पाच खिसे. त्यातला एक अगदी छोटा, मोठ्या खिशाच्या पोटात दडलेला. त्यात काय ठेवायचं हे आजवर कुणालाच कळलेलं नाही. मी त्यात माणसं ठेवते. कोण कुठे कसं वागलं, याची माझी टिपणं तिथे असतात.

पहिलं टिपण द्रौपदीबाईंचं.

मला वाटलं होतं, आता घडी घालतील, पुठ्ठ्याचा बिल्ला लावतील, दुकानात पाठवतील. पण मला एका बाईच्या पुढ्यात टाकलं आणि तिच्या हातात ब्लेड होतं. ठेकेदार दारातूनच ओरडला, "मौसी, ये डेढ सौ पीस. शाम तक सबके घुटने फाड़ देना."

मित्रांनो, मी हादरले. माझा गुन्हा काय? मी उसवले नव्हते, विटले नव्हते, कुणाच्या अंगालासुद्धा अजून लागले नव्हते. आजूबाजूला पाहिलं तर माझ्या एकशे एकोणपन्नास बहिणी तशाच हादरून पडलेल्या.

द्रौपदीबाई डावखुऱ्या. त्यांनी माझा गुडघा हाताने सारखा केला, "माफ कर गं बाई," असं पुटपुटल्या आणि सर्रकन चिरलं. मग निळे उभे धागे चिमटीने एकेक उपसून काढले आणि पांढरे आडवे तसेच लोंबत ठेवले. झाली फॅशन. पण त्या तिथे थांबल्या नाहीत. चिरेच्या दोन्ही टोकांना त्यांनी सुईने एकेक असे दोन टाके घातले, डाव्या हाताचे, उलटीकडे कललेले.

ठेकेदार खेकसला, "मौसी, फाड़ने का काम है तेरा, सिलने का नहीं. टाइम खोटी मत कर."

"मेरे हाथ का फटा आगे नहीं जाएगा," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे बघत हळूच बोलल्या, "आमच्यात फाटकं उघडं सोडत नाहीत."

त्या 'आमच्यात'चा अर्थ तेव्हा मला कळला नाही. पुढे कळला, आणि असा कळला की माझे राहिलेले धागेही ताठ झाले.

दुकानात मला टांगलं त्याच संध्याकाळी विक्रांत आला. अंबरनाथच्या औषधांच्या कारखान्यात कामाला, पंचविशीतला, केसांना एवढं जेल की वाऱ्याने हलायची सोय नाही. त्याची आई शीलाताई बरोबर होती. तिने माझ्या भोकातून बोट घालून हलवून दाखवलं.

"अहो शेठ, ही फाटली आहे."

सिंधी शेठ हात जोडून म्हणाला, "फटी हुई नहीं है बहनजी, फाड़ी हुई है. साबुत वाली सस्ती आती है, वो दिखाऊं?"

शीलाताईंचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा होता. घरी पोचेपर्यंत त्यांचा एकच प्रश्न चालू, "नवीन आणलीस, का कुणाची उतरलेली आणलीस?" विक्रांत हसत होता. त्या हसत नव्हत्या.

मग माझी कामाची वर्षं सुरू झाली. कौतुक झालं. कारखान्यातली पोरं म्हणाली, "कडक!" टोमणेही झाले. अंबरनाथला बँकेच्या रांगेत एक बाई विक्रांतला म्हणाल्या, "बाळा, सुई-दोरा देऊ का?" सगळी रांग हसली, आणि त्या हशात बाई तीन माणसं ओलांडून खिडकीपाशी पोचल्या. छोट्या खिशात टिपण. एक गृहस्थ माझ्याकडे बघून "काय ही पिढी" म्हणाले आणि दवाखान्यातल्या बाकावर बूट काढून समोरच्या खुर्चीत मोज्यांसकट पाय ठेवून बसले. त्या मोज्यांविषयी मी लिहीत नाही. मुलं वाचत आहेत. लग्नाच्या हॉलमध्ये काळा गॉगल लावून जेवणारा एक जण भाताऐवजी चटणीत हात घालत होता, तोही विक्रांतला म्हणाला, "जरा नीट कपडे घालून यायचं रे."

मला धक्का बसायचा तो याचाच. भोक माझ्या गुडघ्याला, आणि सगळ्यांचं लक्ष तिथेच. बाकीचं कुणाला दिसतच नव्हतं.

माझा मालक काही धुतल्या तांदळासारखा नव्हता हं. त्याची खोड म्हणजे फोन. तो फोन कानाला लावतच नसे. टोस्ट खाताना धरावा तसा तोंडापुढे आडवा धरायचा आणि स्पीकर सुरू. कारखान्यातला सुपरवायझर त्याला काय म्हणाला, हे अख्ख्या बदलापूर पूर्वेला माहीत. त्याचं टिपण मी पहिल्याच आठवड्यात केलं. मालक म्हणून सूट दिली नाही.

वर्षभरात त्या फोनवर एक नवीन आवाज येऊ लागला. भावनाचा. ती विठ्ठलवाडीची, रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. दोघांचं जमलं होतं, दोन्ही आयांना पसंतही होतं. फक्त भावनाचे मामा शंकरराव मुलगा बघायला यायचे होते. भावनाचे वडील गेल्यापासून या मामांनीच घर सांभाळलं होतं. मामांनी हो म्हटलं तर लग्न, नाही म्हटलं तर नाही. भावनाने बजावलं होतं, "मामा कपड्याला फार जपतात. नीट ये."

विक्रांतने 'नीट'चा अर्थ लावला आणि मला इस्त्री केली! फाटक्या गुडघ्यावरून इस्त्री फिरवणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. शीलाताई दारात डोक्याला हात लावून उभ्या. "मम्मी, हीच माझी सगळ्यात भारी पँट आहे," तो म्हणाला. त्याच्या दृष्टीने ते खरंच होतं.

विठ्ठलवाडी स्टेशनबाहेर शेअर रिक्षा मिळाली. मागे विक्रांत, शीलाताई आणि मी. पुढे ड्रायव्हरशेजारी एक साठीचे गृहस्थ, पांढरा शर्ट, पँटची इस्त्री बोट कापेल अशी. विक्रांतचा फोन स्पीकरवर चालूच. गृहस्थांनी मान वळवली.

"ओ हिरो! आवाज कमी कर. रिक्षा तुझ्या बापाची आहे का?" मग त्यांची नजर माझ्यावर आली आणि आवाज बदलला. "आणि हे काय नेसलायस? लाज नाही वाटत?"

एवढं बोलून त्यांनी तोंड बाहेर काढलं आणि लाल पिचकारी मारली. रिक्षा वेगात, वारा समोरून. पिचकारी गेली पुढे आणि आली मागे, थेट माझ्या उजव्या मांडीवर. मित्रांनो, ब्लेडने चिरलं तेव्हा मी एवढी शहारले नव्हते.

"ओ काका!" विक्रांत ओरडला. पण काका मिठाईच्या दुकानापाशी उतरून गेलेसुद्धा. काय झालं त्यांना कळलंच नाही.

चाळीतल्या भावनाच्या खोलीत आम्ही पोचलो. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली मेणबत्ती, सगळं लख्ख. "जयभीम, या," म्हणत एक बाई पुढे आल्या. द्रौपदीबाई! भावनाची आई म्हणजे माझ्या द्रौपदीबाई! त्यांचं लक्ष पाहुण्यांच्या तोंडाकडे. गुडघ्याकडे गेलं नाही. पाठोपाठ मिठाईचा पुडा घेऊन दारात उभे राहिले ते रिक्षातले काका.

"हे माझे दादा," द्रौपदीबाई म्हणाल्या. "शंकरराव."

मामांची नजर विक्रांतच्या तोंडावरून थेट माझ्यावर उतरली.

मामांनी पुडा टेबलावर ठेवला. "हा मुलगा?"

"मामा, आधी बसा तरी," भावना म्हणाली.

"बसतो. पण बसून सांगणार तेच आहे." ते खुर्चीच्या टोकावर टेकले. शीलाताईंकडे वळून, आवाज न चढवता बोलू लागले. तो न चढलेला आवाज मला जास्त लागला. "ताई, राग मानू नका. माझ्या आजोबांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या अंगावरचं उतरलेलं घातलं. फाटकंच. नवं घातलं तर गावात मार बसायचा. माझ्या बापाने पहिला धुतलेला, अख्खा सदरा घातला तेव्हा तो रडला होता. फाटकं टाकायला आपल्याला पिढ्या लागल्या. आणि हा पोरगा पैसे देऊन फाटकं आणतो? ते नेसून माझ्या भाचीला मागायला येतो?" मग बहिणीकडे हात करून म्हणाले, "ही बघा. नवरा गेल्यावर जीन्सच्या गाळ्यात शिलाईला लागली. लोकांचं अंग झाकते. त्याच्यावर पोरीला शिकवलं. अशा घरात हे?"

शीलाताईंनी मान खाली घातली. "मी सांगत होते हो भाऊ. मलापण तेच खुपलं होतं."

विक्रांतने माझ्या भोकावर तळहात ठेवला. वर्षभरात पहिल्यांदा. मित्रांनो, मला तोवर वाटत होतं की मी फॅशन आहे. एखाद्या घरात फाटक्या कापडाला इतका जुना घाव असतो, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

द्रौपदीबाई ताटात पाण्याचे पेले आणि भाजलेले पापड घेऊन आल्या. आल्या पाहुण्याला आधी पाणी-पापड, ही उल्हासनगरच्या सिंधी शेजारातून आलेली रीत. विक्रांतने पेला घ्यायला हात उचलला, तळहात सरकला, आणि त्यांना माझा डावा गुडघा दिसला. उलटीकडे कललेले दोन टाके.

त्यांनी ताट तसंच टेबलावर ठेवलं.

त्या क्षणी त्या गप्प राहिल्या असत्या तर कुणालाही काही कळलं नसतं. भावाच्या डोळ्यांतला मान तसाच राहिला असता. फक्त पोरीचं लग्न मोडलं असतं. मला ते त्यांच्या चेहऱ्यावर सगळं दिसत होतं. मी ओरडणार होते, पण कापडाला आवाज नसतो.

"दादा," त्या म्हणाल्या, "हे भोक मी पाडलंय."

"काय?"

"ही जीन्स माझ्या हातची आहे. हे टाके बघ, डावे. शिलाईला जलद मशीनवरची पोरं आली, माझं काम गेलं. तीन वर्षं झाली. मी शिवत नाही, फाडते. दिवसाला दीडशे. तुला सांगायची लाज वाटली."

शंकरराव उभे राहिले, पुन्हा बसले. "तू? फाडतेस?"

"भावनाच्या शिक्षणाची शेवटची दोन वर्षं या भोकांवर झाली. पण दादा, आईने शिकवलेलं मोडलं नाही. एकही भोक उघडं सोडलं नाही. बघ ना, घालून घालून विटली, तरी सूतभर पुढे गेलंय का?" त्या वाकल्या, गुडघ्यावरून बोट फिरवलं आणि ते बोट उजव्या मांडीवर येऊन थांबलं. कपाळाला आठी पडली. "भोक माझं आहे. हा डाग माझा नाही. कसला डाग पडला रे बाळा?"

शंकररावांनी डाग पाहिला. रंग ओळखीचा होता. त्यांच्या शर्टाच्या खिशातून पुडीचं टोक डोकावत होतं. त्यांनी त्यावर हात ठेवला, मघा विक्रांतने माझ्यावर ठेवला होता अगदी तसा.

शीलाताईंनी तोंड उघडलं. विक्रांतने आईचा हात दाबला.

"रस्त्यात काहीतरी उडालं, आई," तो म्हणाला. द्रौपदीबाईंना तो पहिल्यांदा आई म्हणाला. मामांकडे त्याने पाहिलंही नाही.

एवढ्यात त्याचा फोन वाजला. सवयीने त्याने तो टोस्टासारखा तोंडापुढे धरला. भावनाने नुसती भुवई उचलली. विक्रांतने फोन कानाला लावला, "नंतर करतो," म्हणाला आणि ठेवून दिला. मित्रांनो, फोनला कान असतो हे त्याला त्या दिवशी कळलं.

शंकरराव उठून मोरीत गेले. बराच वेळ चुळा भरल्याचा आवाज येत होता. परत आले तेव्हा शर्टाचा खिसा सपाट होता. त्यांनी पापडाची ताटली उचलली आणि विक्रांतपुढे धरली.

"घ्या पाव्हणं. पण लग्नाला अख्खी पँट घाला. एवढं म्हाताऱ्याचं ऐका."

"ऐकतो, मामा."

लग्नात त्याने अख्खी पांढरी पँट घातली. मी घडी होऊन कपाटात होते आणि मला त्याचं मुळीच वाईट वाटलं नाही. द्रौपदीबाई अजून गाळ्यावर जातात. आता कुणी विचारलं तर सरळ सांगतात, "फाडायचं काम करते, आणि पुढे फाटणार नाही इतपतच फाडते."

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. मला हसायचं तर जरूर हसा, पण हसताना दुसऱ्याचा नंबर ओलांडू नका, आणि पिचकारी मारण्याआधी मागे कोण बसलंय ते बघा. मला अंगावर चढवताना समोरच्या घरात फाटक्याचा काही घाव आहे का, तेही विचारून घ्या. विचारायला काही लागत नाही.

मामा बदलापूरला आले की आधी गॅलरीत येतात. माझी उजवी मांडी उलटून बघतात. "गेला नाही का गं अजून?" भावनाला विचारतात. मग शर्टाच्या खिशात हात घालतात आणि जिथे पुडी असायची तिथून लिंबू काढतात. मीठ लावून डागावर घासत बसतात, चहा गार होईपर्यंत.

छोट्या खिशातलं ताजं टिपण असं आहे: भोक दोन टाक्यांवर जागच्या जागी थांबलं. डागावर आजवर अकरा लिंबं झाली.