गाणं मोठं झालं की

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर, आणि ज्या घरात मी वाजलो त्या घरातल्या मुलांना गाण्याची भीती वाटायची. असं कुठं असतं का, म्हणाल. ऐका तर मग.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. कुणीतरी पोटात तारा जोडल्या, झाकण लावलं, एवढंच. खरी जाग आली ती जळगावला, माणकचंदशेठच्या दुकानात. शेठजींनी माझ्यावरची धूळ झटकली आणि समोरच्या गिऱ्हाइकाला म्हणाले, "जीवरामभाऊ, घेऊन जा. घर भरल्यासारखं वाटेल."

जीवरामभाऊ यावलकडचे केळीवाले शेतकरी. एस.टी.त त्यांनी मला मांडीवरून खाली ठेवलं नाही. घरी त्यांच्या बायकोने, इंदिराबाईंनी, मला हळदकुंकू लावलं आणि धूळ बसू नये म्हणून पांढऱ्या कापडावर मोर भरून अभ्रा शिवला. मोनाली तेव्हा शाळेत जायला लागलेली, भूपेंद्र अजून रांगणारा.

सुरुवातीच्या संध्याकाळी फार गोड होत्या हो. मी खिडकीत, इंदिराबाई चुलीपुढे, जीवरामभाऊ पाय पसरून भिंतीला टेकलेले. श्रावणात कानबाई देवीची गाणी लागली की भाकरीची थापही तालात पडायची.

"बाबा, हा गाणारा मानूस एवढ्याशा डब्यात कसा बसला?" मोनाली विचारायची.

"घडी घालून ठेवला त्याले. तुह्या आईच्या लुगड्यासारखा!"

सगळे हसायचे. मग एके दिवशी भाजीत मीठ जास्त झालं.

जीवरामभाऊंनी ताट भिरकावलं. ते माझ्या शेजारी भिंतीवर आदळलं आणि वरण मोरावर सांडलं. ते उठले, दार लावलं, कडी घातली. मला वाटलं, आता मला पुसतील. त्यांनी माझा आवाज वाढवला. पार शेवटपर्यंत. माझे दोन्ही स्पीकर थरथरू लागले आणि त्या आवाजाआड त्यांनी इंदिराबाईंना मारलं. आधी हाताने, मग चपलेने, मग लाटण्याने. त्या ओरडत होत्या आणि मी त्यांच्याहून मोठ्याने गात होतो.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या कुंदाकाकू भिंतीवरून डोकावल्या. "काय बी म्हन इंदिरा, तुह्या घरात सदा गाणं. मोठा हौशी मानूस भेटला तुले. आमच्याकडे मेला भांड्यांचाच आवाज!"

इंदिराबाईंनी पदर गालावर ओढला. "हो ना, काकू."

पुढे ते नेहमीचंच झालं. कधी केळीच्या मालाला व्यापाऱ्याने नावं ठेवली म्हणून, कधी चहा गार म्हणून, कधी कशासाठीच नाही. एकदा इंदिराबाईंचं डोकं खिडकीच्या गजावर आपटलं. अभ्र्यावर लाल डाग पडला. तो धुऊन गेला नाही. माझ्या आवाजाच्या चकतीकडे जीवरामभाऊंचा हात गेला की दोन्ही पोरं धान्याच्या कोठीमागे पळायची. भूपेंद्र कानात बोटं घालायचा. लग्नघरात बँड वाजला तरी तो थरथर कापायचा, आणि बाया म्हणायच्या, "पोरगं भित्रंच हाये."

एका वर्षी लोडशेडिंग फार होतं. लाईट गेली की सगळी गल्ली शिव्या घालायची. आमच्या घरात मात्र मोनाली देवाला हात जोडायची. कारण लाईट नाही तर गाणं नाही, आणि गाणं नाही तर बाबा मारत नाहीत. नुसते दात आवळून बसतात. हा हिशेब तिने एकटीने मांडला होता. अंधारात आईला चिकटून ती म्हणायची, "आई, आज लाईटले येऊच नको म्हन ना."

पण जीवरामभाऊंनी बाजारातून मोठे सेल आणले आणि माझ्या पाठीत भरले.

हिवाळ्यातली एक संध्याकाळ. कुंदाकाकूंच्या अंगणात भरताचा बेत होता. पऱ्हाटीच्या, म्हणजे वाळल्या कपाशीच्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजलेली, बाया ती लाकडी उखळात मुसळाने ठेचत होत्या. भाऊबंद जमलेले. तोतारामआबा सगळ्यांत वडील; ते खाटेवर बसून मिरची तिखट आहे का, हे दर घडीला विचारत होते. इंदिराबाई कांद्याची पात न्यायला घरी आल्या आणि मागोमाग जीवरामभाऊ आत शिरले.

"चारचौघांत दात काढत बसली होती?"

"काकू काहीतरी बोलल्या म्हून हसली…"

कडी लागली. लाईट नव्हती, पण माझ्यात सेल होते. त्यांनी चकती शेवटपर्यंत फिरवली आणि कोपऱ्यातली बैलाची काठी उचलली. पहिला फटका पाठीवर बसला. पळायला लागल्या तर त्यांनी कानातलं ओढलं. पाळी फाटली, मानेवर रक्ताची धार लागली. कोठीमागे भूपेंद्रची चड्डी ओली झाली. मी गातच होतो.

तेवढ्यात मोनाली सरपटत माझ्यापाशी आली. तिने मला पालथं केलं, पाठीचं झाकण उपटलं आणि सगळे सेल काढून घेतले. शब्द अर्धाच राहून मी गप्प झालो.

पोरीचा हिशेब चुकला, मित्रांनो. गाणं थांबलं, मार थांबला नाही. रागात त्यांना काही कळलंच नाही. काठीचा आवाज, घाणेरडी शिवी, इंदिराबाईंची किंकाळी, सगळं उघडंबोडकं भिंतीवरून पलीकडे गेलं.

पलीकडचं मुसळ थांबलं. हसणं थांबलं.

मग जीवरामभाऊंना ती शांतता ऐकू आली. ते वळले. मला पाहिलं, मग मुठीत सेल धरून उभी राहिलेली मोनाली पाहिली. त्यांनी मला दोन्ही हातांनी डोक्यावर उचललं. पोरगी हलली नाही. इंदिराबाई मध्ये पडल्या. मी त्यांच्या खांद्यावर आदळून फरशीवर पडलो. एक स्पीकर फुटला.

आणि दार धडधडलं. "जीवराम, दार उघड!"

"घरचं काम चालू हाये, काकू. जा तुम्ही."

"ऐकलं आम्ही तुहं काम. उघड, नाही तं मुसळानं फोडते. मग भरतासंगं तुलेबी ठेचते!"

दार उघडलं. हातात मुसळ घेतलेल्या कुंदाकाकू, मागे सगळ्या बाया, त्यांच्या मागे तोतारामआबा. आबा खाकरले. "घरातली गोष्ट घरातच मिटवा."

"घरात राह्यलीच कुठं, आबा? सऱ्या गल्लीनं ऐकली." काकूंनी आपला पदर इंदिराबाईंच्या कानाला धरला. "मी तं भिंतीवरून तुले हौशी नवऱ्याची म्हने व, इंदिरा."

ती रात्र तिघं काकूंकडेच राहिली. काकूंनी फोन करवला आणि सकाळी धुळ्याहून इंदिराबाईंचे भाऊ मगनमामा गाडी घेऊन आले. पोरं, कपड्यांचं गाठोडं, बस. मोनालीने मला उचललं तेव्हा मामा म्हणाले, "हा फुटका डबा कशाले घेते, पोरी?"

ती म्हणाली, "हा घरी राह्यला तं बाबा त्याले दुरुस्त करतील."

मामांनी मला मागच्या सीटवर, पोरांच्या मध्ये ठेवलं. इंदिराबाई त्या घरी परत गेल्या नाहीत. धुळ्यात त्यांनी शिवणयंत्रावर दोन्ही लेकरं वाढवली, पण मशीन चालवताना गुणगुणायला त्यांना पुष्कळ वर्षं लागली.

आता मोनाली जळगावला मेहरूणमध्ये राहते. मी तिच्या कपाटावर असतो, वाजत नाही. तिची छोटी आयुषी मोबाईलवर गाणी लावून नाचते. परवा तिने आवाज एकदम मोठा केला. मोनाली ओल्या हातांनी स्वयंपाकघरातून धावत आली, आधी पोरीचं तोंड पाहिलं, मग भिंतीला टेकली.

"आई, आवाज कमी करू?"

"नको गं राणी. नाच तू. फक्त दार उघडं ठेव."

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं आम्ही जुन्या वस्तूंनी जाता जाता सांगायचं असतं. मला नाही जपलंत तरी चालेल. पण शेजारी बंद दाराआड गाणं एकाएकी फार मोठं झालं आणि आत कुणी हसत-नाचत नाही असं वाटलं, तर कुणा मोठ्या माणसाला हाताला धरून न्या आणि ते दार वाजवा. काय बोलावं ते सुचलं नाही, तर वाटीभर साखर मागा. पण दार उघडेपर्यंत हलू नका.