नणंदेनं टाकून दिलेली सीट

माझ्या सायकलवर माझ्या नणंदेचा डोळा होता, हे आधीच सांगून टाकते. सायकल निळी, स्टीलची, जुन्या बांधणीची. आमच्या सायकलवाल्यांच्या ग्रुपमधला एक जण परदेशी निघाला तेव्हा त्यानं ती विकायला काढली आणि मी तासभर आधी पोचले म्हणून मला मिळाली. नणंदेची माझी उंची बोटभर इकडेतिकडे, त्यामुळे जी सायकल मला बसते ती तिलाही बसते. तो तास ती अजून विसरलेली नाही.

घरात सगळे तिला चिमणी म्हणतात. हे नाव ठेवलं तेव्हा ती पाळण्यात होती, त्यामुळे ठेवणाऱ्यांना दोष देता येत नाही. आता ती पोहण्याच्या तलावावर मुलांना पोहायला शिकवते, तिची फुप्फुसं लोहाराच्या भात्यासारखी आहेत आणि चढावर ती माझ्याशी गप्पा मारते. मी उत्तर देत नाही, कारण मला तेव्हा श्वास घ्यायचा असतो. माझं औषधांचं दुकान आहे. आठवडाभर मी काउंटरमागे उभी असते आणि रविवारी सायकलवर बसते. सगळं दुखणं त्या बसण्याचं होतं.

आमच्याकडे वर्षातून एकदा दोनशे किलोमीटरची राइड असते. सकाळी सहाला निघायचं, संध्याकाळी साडेसातच्या आत परत मैदानावर यायचं. शर्यत नाही, नंबर नाहीत, वेळेत आलात तर आलात. पहिल्या वर्षी मी बंद पडलेल्या पेट्रोल पंपापाशी हार मानली, दुसऱ्या वर्षी त्याच्या पुढच्या पुलापाशी. पाय शाबूत होते, दम शाबूत होता, फक्त बुडानं बंड पुकारलं होतं. दोन्ही वेळा आयोजकांच्या टेम्पोतून परत आले, तेही मागे दांडा धरून उभी, कारण बसायची सोय राहिली नव्हती. माझ्या दुकानात मलमांची एक अख्खी फळी आहे. त्यातली निम्मी मी स्वतःवर वापरून पाहिली.

दुसऱ्या वेळी त्याच रात्री जेवताना मी सीटबद्दल कुरकुर करत होते. चिमणी ताटातून मान वर न करता म्हणाली, "नाचता येईना अंगण वाकडं." सासूबाई हसल्या, नवरा हसला, माझी स्वतःची मुलगी हसली. माझं डोकं फिरलं. मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं की पुढच्या वर्षीही टेम्पोतून आले तर निळी सायकल तुझी. नवऱ्याचा घास हातातच राहिला. चिमणीनं मात्र लगेच विचारलं, "शब्द?" मी म्हटलं, शब्द. रागात दिलेला शब्द परत घ्यायची आमच्या माहेरी सवय नाही.

आता त्या सीटबद्दल. सायकलबरोबर आलेली सीट सुरीसारखी होती, म्हणून लग्नाच्या वाढदिवसाला नवऱ्यानं मला जेलची सीट आणली. त्याचं चष्म्यांचं दुकान आहे आणि आयुष्यात तो सायकलवर पाच किलोमीटरच्या पुढे गेलेला नाही, पण सल्ला विचारा, उंटावरचा शहाणा हजर. सीट रुंद, गुबगुबीत, दाबली की बोट आत जायचं. पहिला तासभर तिच्यावर स्वर्ग. मग हाडं हळूहळू आत रुततात आणि तो सगळा मऊपणा भलत्या ठिकाणी वर येतो. पुढचं मी लिहीत नाही. जावे त्याच्या वंशा, तेव्हा कळे.

शेवटी मी वजनकाट्याकडे गेले. वजनकाटा म्हणजे आमच्या ग्रुपमधले दातांचे डॉक्टर. सायकलवर चढणारी प्रत्येक वस्तू ते आधी तोलून बघतात. वजन वाचवायला त्यांनी घंटी काढून टाकली आहे आणि आता समोर कोणी आलं की स्वतः ओरडतात. त्यांच्या दवाखान्याच्या आतल्या खोलीत एक मोठा खोका असतो. ग्रुपमधल्या ज्याला जी सीट सोसली नाही, ती त्यानं खाली आपलं नाव लिहून त्या खोक्यात टाकायची आणि ज्याला हवी त्यानं न्यायची. हौशी सायकलवाल्याच्या घरी एक वेळ मीठ नसेल, पण टाकलेली सीट असतेच.

डॉक्टरांनी मला थेट खोक्यापाशी नेलं नाही. त्यांनी बाहेरच्या लाकडी बाकावर पन्हळी पुठ्ठा ठेवला आणि त्यावर बसा म्हणाले. समोर गाल धरून बसलेले तीन पेशंट. मी बसले, पाय उचलले, उठले. पुठ्ठ्यावर दोन खळगे उमटले होते. डॉक्टरांनी त्यावर दिवा मारला, ज्या मापकानं दात मोजतात त्यानंच मधलं अंतर मोजलं आणि दाढ काढावी लागेल हे ज्या आवाजात सांगतात त्याच आवाजात म्हणाले की तुमची बैठक रुंद आहे, तुम्हाला रुंद आणि कडक सीट लागणार, गादी फेकून द्या. गाल धरलेल्यांपैकी एकाला हसू आवरेना. त्याला दुखलं असेल तर बरंच झालं.

मापाची एकच सीट खोक्यात होती. तपकिरी चामड्याची, टणक, बोटानं वाजवली तर दार वाजवल्यासारखी वाजली. उलटी केली तर खाली चिमणीचं नाव. तिनं ती दोन रविवार वापरली होती आणि 'दगड' असं नाव ठेवून टाकून दिली होती. तिनं टाकलेली वस्तू आपण उचलायची, हे मला फार लागलं. पण गरजवंताला अक्कल नसते. दुकानाच्या पिशवीत गुंडाळून मी दगड घरी आणला.

पहिल्या रविवारी डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या रविवारी शिव्या आल्या. मी हट्टानं बसत राहिले. मग एका सकाळी घरी येऊन सायकल भिंतीला लावली आणि लक्षात आलं की आज बुडाची आठवणच झाली नाही. तरीही दोनदा तोंडावर पडलेल्या माणसाचा विश्वास एवढ्यानं बसत नाही. राइडच्या दिवशी मी जेलची सीट गुपचूप हँडलच्या बॅगेत कोंबली. दगडानं दगा दिला तर निदान गादी असू दे, एवढाच विचार. सुरुवातीच्या रेषेवर वजनकाट्यांनी माझी सायकल हातानं उचलून बघितली आणि बॅगेत काय आहे असं काळजीनं विचारलं. मी म्हटलं, खोगीरभरती.

चिमणी नवीन सीट लावून आली होती. वजनकाट्यांनीच सुचवलेली, मधे भोक, खाली पोकळ दांड्या, हातात घेतली तर काडेपेटीइतकी हलकी. माझ्याखालचा दगड तिनं ओळखला आणि खुशीत म्हणाली की तो संध्याकाळी परत मिळेलच, सायकलसकट. पहिल्याच चढावर ती दिसेनाशी झाली.

मी आपली माझ्या चालीनं निघाले. ऊन चढलं, केळी खाल्ली, बाटल्या भरल्या. बंद पेट्रोल पंप आला तेव्हा मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. पूल आला. मधोमध पोचले आणि समोर चिटपाखरू नसताना मी घंटी वाजवली. एकदा वाजवली, मग पूल संपेपर्यंत वाजवतच राहिले. मला इतका आनंद झाला होता की तो कुठे ठेवावा हे कळत नव्हतं. हाताशी अर्धा तास शिल्लक होता आणि पुढे फक्त उलटा वारा होता.

पुलापुढच्या वळणावर झाडाखाली चिमणी उभी दिसली. सीटची एक पोकळ दांडी मोडली होती आणि सीट एका बाजूला लोंबत होती. पॅडलवर उभी राहून ती बरीच आली होती, पण उरलेले चाळीस किलोमीटर असं कोणालाच जमत नाही. टेम्पोला फोन करून झाला होता. तिचे डोळे लाल होते. चिमणीला मी तोवर कधी रडताना पाहिलं नव्हतं आणि ते मला अजिबात आवडलं नाही.

"वहिनी, तू थांबू नकोस," ती म्हणाली. "तुझी वेळ जाईल."

तिला फक्त एवढंच करायचं होतं की मला बोलण्यात गुंतवायचं. अर्धा तास गेला असता आणि सायकल तिची झाली असती. ती मला जा म्हणत होती. मी सायकल आडवी केली आणि बॅगेतून जेलची सीट काढली. ती बघतच राहिली. एवढं धूड घेऊन तू इथवर आलीस, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, गप्प बस आणि सायकल धर.

बोल्ट हलेना. नवीन सीटचं वजन कमी, पण तिचा बोल्ट आवळला होता कसा मनापासून. दोघींनी ॲलन कीच्या पान्याला लोंबकळून पाहिलं, शेवटी रस्त्याकडेचा धोंडा घेऊन कीवर चार घाव घातले तेव्हा तो सुटला. तेवढ्यात टेम्पो आला. चालक माझ्या दोन वर्षांच्या ओळखीचा. त्यानं मला बघून सवयीनं मागचं फळकं उघडलं. मी ते त्याला पुन्हा लावायला लावलं. आम्ही निघालो तेव्हा हाताशी काहीच उरलं नव्हतं.

पहिला तासभर चिमणी पुढे, मी मागे. मग ती सीटवर वळवळायला लागली. डावीकडे सरकली, उजवीकडे सरकली, उभी राहिली, बसली, कण्हली. तिचा वेग पडला. मी बाजूनं पुढे गेले आणि तिला माझ्या चाकामागे घेतलं. इतकी वर्षं तिच्या पाठीआड वारा चुकवला होता, आता वारा माझ्या छातीवर होता आणि खाली दगड होता. त्या दगडावर मी अशी बसले होते, जशी स्वतःच्या ओट्यावर बसते. पाय फिरत होते. मला वाटलं, मी अशीच आणखी शंभर जाईन.

मागून आवाज आला, दोन मिनिटं थांबूया. मी म्हटलं, उतरलीस तर पुन्हा बसता येणार नाही, माझं ऐक. ती दात-ओठ खाऊन पाय मारत राहिली.

मग म्हणाली, "वहिनी, ह्याच्यावर तू दीडशे गेली होतीस?"

"दोनदा."

त्यानंतर मैदान येईपर्यंत तिनं माझं चाक सोडलं नाही.

फाटकातून शिरलो तेव्हा घड्याळात चार मिनिटं बाकी होती. लोक ओरडत होते. वजनकाटे केव्हाच येऊन आंघोळ करून बसले होते. नवऱ्यानं आधी बायकोकडे बघितलं, मग बहिणीकडे, मग बहिणीच्या खालच्या सीटकडे, आणि आजूबाजूच्यांना सांगायला लागला की ती मी आणलेली, शेवटी कामाला आली की नाही. सासूबाईंनी मला जवळ घेऊन विचारलं, की या वर्षी पायात एवढं बळ आलं कुठून.

मी तोंड उघडायच्या आत चिमणी बोलली. सगळ्यांना ऐकू जाईल असं, तलावाच्या पलीकडच्या पोरांना हाक मारते त्या आवाजात.

"तिच्या पायांत बळ पहिल्यापासूनच होतं, आई. अंगण खरंच वाकडं होतं."

कोणीतरी आमच्या हातात ताटं दिली. प्लास्टिकच्या खुर्च्या ओळीनं मांडल्या होत्या. मी त्यातली एक ओढली, पाय लांब केले आणि ऐसपैस बसले. चिमणी ताट घेऊन शेजारी उभीच.

"बस की गं," मी म्हटलं.