माझ्या पाठीवरचा त्रिशूळ

मी एक जुनी इलेक्ट्रिक गिटार आहे. वय विचारू नका. वय विचारणारा बहुधा गिऱ्हाईक असतो. मित्रांनो, माझा स्वभावच संशयी, काय करणार! परळीच्या दुकानात चार वर्षं खिळ्याला लटकून तिथल्या वीज केंद्राच्या राखेची धूळ खाल्ली. जो तो यायचा, तारा छेडायचा नि चालू पडायचा. मग विश्वास ठेवायचा तरी कुणावर?

सोमनाथनं मला घेतलं तेव्हाही मनात पाल चुकचुकली. धारूरच्या डोंगरातला हा मेंढपाळाचा मुलगा, याला काय वाजवता येणार? पण त्यानं खिशातून घासलेल्या शिंगाचा तुकडा काढला आणि त्या तुकड्यानंच माझी तार छेडली. तार अशी ओढायचा, की आईला चुकलेलं कोकरूच ओरडलं म्हणावं. मग मध्येच थांबायचा. डोंगरात हाळी दिली की पलीकडून ओ येईस्तोवर माणूस थांबतो ना, तसा. आधी लोक हसले, "इसरला बे ह्यो!" पुढे तोच थांबा रॉक वाजवणाऱ्या कितीतरी जणांनी उचलला. पुण्या-मुंबईचे वादक शिंगं घासत बसले. वीस वर्षं मी टाळ्या ऐकल्या, पण कधी हुरळले नाही.

ते बरंच झालं. कारण पुढे सोमनाथकडे चकचकीत नव्या गिटारी आल्या आणि मला गावी आणून घोंगडीत गुंडाळलं. त्याचे वडील, सटवाआबा, अधूनमधून घोंगडी बाजूला सारून माझ्या पाठीवरून हात फिरवायचे. बाजारात मेंढरू चाचपतात तसा. मला तो हात मुळीच आवडायचा नाही.

मग एकदा सोमनाथचा फोन आला. "आबा, उद्या हॉटेलवाले येतायत. जुनी गिटार विकत घेऊन काचेच्या कपाटात लावणार. मी पण येतोय." आबा नुसते "हं" म्हणाले. काचेत गेले म्हणजे तोंड कायमचं बंद!

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी चुलीत सळई लाल केली. म्हटलं, हाच तो घरभेदी! चर्र झालं. माझ्या पाठीवर त्रिशूळ उमटला.

हॉटेलवाल्यानं तो डाग पाहिला, नाक मुरडलं आणि गाडी फिरवली. सोमनाथ भडकला. "कावून केलं वो आबा हे?"

"वैजनाथाला सोडली तिला. त्रिशूळाचा डाग दिलेलं देवाचं जनावर इकत न्हाईत."

"मग राहू द्या घोंगडीत!"

"बांधून बी ठिवत न्हाईत, येड्या. फिरू देतात." आबांनी घोंगडी घडी करून बाजूला ठेवली. "टीव्हीवर तू वाजवता वाजवता थांबतूस ना, तवा मी हितनं ओ देतो. नव्या गिटारी आल्यापून तू थांबतच न्हाईस. लई घाई झालीय तुला."

सोमनाथ खाली बसला. खिशातला शिंगाचा तुकडा काढून त्यानं माझी गंजकी तार ओढली आणि हात थांबवला.

"ओऽऽ!" आबा म्हणाले.

त्या हाताचा मी इतकी वर्षं संशय घेतला, याची मला लाज वाटते. आता मी पुन्हा गावोगाव फिरते. मित्रांनो, तुमच्याही घरात एखादं जुनं वाद्य गुंडाळून ठेवलेलं असेल. त्याला काचेत ठेवू नका, वाजवा. आणि वाजवताना जरा थांबा. लांबून कुणीतरी ओ देत असेल.