खार धुताना

मन्सुरा शहर सोडून वाळवंटातल्या या नव्या वसाहतीत आलो, तेव्हापासून मी मागच्या अंगणात पाऊल ठेवलं नव्हतं. तिथे होतं काय? खारवलेली वाळू. माझ्या नवऱ्यानं, वगदीनं, मनाशीच ठरवलं की मला हिरवळ हवी. मला न विचारता त्यानं रोपवाटिकेतून गवताच्या गुंडाळ्या मागवल्या. गुरुवारी यायच्या होत्या.

त्यानं वाळू हातभर खणली आणि पहार खणकन वाजली. खाली सिमेंटसारखा पांढरा थर.

शेजारचे सफवत भिंतीवरून डोकावले. "उस्ताद, आधी तो थर फोडा. नाहीतर पाणी मुरायचं कुठे?"

"तुम्ही तुमची कबुतरं सांभाळा हो, हाजी. अंगणाचं मी बघतो."

"अबू हानी, ऐक की त्यांचं," मी खिडकीतून वगदीला म्हटलं. आमच्या मुलाच्या, हानीच्या नावावरून तो अबू हानी आणि मी उम्म हानी.

"पाठ आखडलीये माझी. पाण्यानं निघेल खार."

त्यानं नळी सोडली. अंगणात तळं साचलं. दुसऱ्या दिवशी पाणी ओसरलेलं दिसलं, तसा तो खूश झाला. पण ते मुरलं नव्हतंच. थरावरून सरकत भिंतीच्या पायाखाली शिरलं होतं.

दुपारी जेवायला बसतोय, तेवढ्यात भिंत पलीकडे कोसळली. थेट कबुतरांच्या खुराड्यावर.

वगदी विटा उचलायला धावला. "हात लावू नका," सफवत म्हणाले, अगदी हळू. त्यांच्या हातातल्या पांढऱ्या मादीची मान लोंबत होती. "बायको गेल्यापासून घरात आवाज होता तो यांचाच."

"भिंत मी बांधून देतो, हाजी."

"भिंत द्याल हो."

घरी आल्यावर वगदी म्हणाला, "तुझ्यासाठीच करत होतो, उम्म हानी."

"मी गवत मागितलं होतं? थोडे दिवस मन्सुराला बहिणीकडे जाऊ दे म्हणून कितीदा म्हटलं, ते नाही ऐकू आलं तुला."

तो पहार उचलून अंगणात गेला.

गुरुवारी गुंडाळ्या आल्या. अंगण उखणलेलं, अंथरायला जागा नव्हती. फाटकापाशी उन्हात पडून पिवळ्या पडत गेल्या. वगदी दिवसभर तो थर फोडत राहिला. सफवत बाहेर आले नाहीत. उरलेली कबुतरं त्यांनी मुलीकडे धाडली होती.

शनिवारी मी मन्सुराच्या बसला निघाले. वगदी माझी बॅग घेऊन थांब्यापर्यंत आला.

"परत येशील ना?"

"बघू."

बॅग वर देताना त्याचे तळहात दिसले. फोड फुटून लाल झालेले. ते बघूनही मी बसमध्ये चढले.