आधी डावा

मी एक झाकणी. पळीच्या आकाराची, काळी, वीतभर दांड्याची. डोळे तपासताना एक डोळा झाकायचा तो मला धरून. बस डेपोच्या दवाखान्यात माझा सारा जन्म गेला. शेकडो ड्रायव्हरांच्या गालांचा घाम मला लागलाय, आणि डोळे तपासणाऱ्या मॅडमनी धरलेला डूखही मी जवळून पाहिलाय.

दीड वर्षापूर्वी आमच्याच डेपोच्या एका बसने मॅडमच्या धाकट्या भावाला सायकलसकट उडवलं. भर दुपारी, बसच्या डाव्या अंगाला. पाय गुडघ्याखाली कापावा लागला. चौकशीत ड्रायव्हर एकच सांगत राहिला, दिसलाच नाही. पण त्याच्या डोळे-तपासणीच्या कार्डावर दोन्ही डोळे ठीक असल्याचा शेरा होता, तेव्हा दोष सायकलवाल्याचा ठरला.

सगळे म्हणाले, ड्रायव्हर खोटं बोलतो. मॅडमना मात्र त्याचं खरं वाटलं. तक्ता पुसता पुसता त्या स्वतःशीच म्हणायच्या, "आधी त्याला घरी बसवते. मग ज्याने त्याला पास केलं, त्याच्याकडे बघते."

तपासणी दर दोन वर्षांनी, तपासणारे पाळीपाळीने तिघे, आणि शेऱ्याचं कार्ड ज्याच्या त्याच्या खिशात. त्या वाट बघत राहिल्या.

गेल्या महिन्यात तो आला. पन्नाशी उलटलेला, कडक इस्त्रीचा गणवेश. सवयीने त्याने मला डाव्या डोळ्यावर धरलं.

"आधी डावा डोळा," मॅडम म्हणाल्या.

"नेहमी उजवा आधी असतो."

"आज डावा."

त्याने मला उजव्या डोळ्यावर घेतलं. सगळ्यात वरचं ठळक अक्षर कसंबसं सांगितलं आणि तिथेच अडला. मग मला हळूच तिरकं करून बघायला लागला. मॅडमनी एका बोटाने मला जागेवर दाबलं. इतकी वर्षं हा गडी उजव्या डोळ्याने ओळ वाचायचा, पाठ करायचा आणि डाव्याची पाळी आली की तीच घडाघडा म्हणून दाखवायचा.

"नोकरीची तीनच वर्षं राहिलीत, मॅडम."

"तुम्हाला जो दिसला नाही, तो माझा भाऊ."

त्याने खिशातून कार्ड काढून टेबलावर ठेवलं. मॅडमनी 'अपात्र' इतकं दाबून लिहिलं की कागद फाटला. खोटं कशाला सांगू, मलाही बरं वाटलं.

मग आधीचा शेरा कोणाचा, ते बघायला त्यांनी कार्ड उलटलं. खाली सही त्यांचीच होती.

दिवसाला चाळीस जण तपासायचे, तर चेहरे लक्षात राहणार कसे? माझ्या लक्षात होता. पण मला विचारतो कोण.

संध्याकाळी भाऊ कुबडी टेकत त्यांना घ्यायला आला. त्या माणसाला काढलं का, असं त्याने विचारलं. काढलं, म्हणाल्या.

"आणि पास करणारा?"

मॅडमनी मला पुसलं, परत पुसलं. "शोधतेय," म्हणाल्या.

आता डाव्या डोळ्यासाठी वेगळा तक्ता आलाय. तुमच्यावर कधी वेळ आली आणि दोन्ही डोळ्यांना एकच ओळ वाचायला दिली, तर दुसरी मागून घ्या. तेवढं माझं ऐका.

भाऊ अजून रोज येतो. कुबडी दाराशी वाजली की मॅडम मला खणात टाकतात. मी आतून ऐकते. तो विचारतो, "सापडला का गं, ताई?"