नानाजींच्या धोतराचं दुपटं

सुलोचनाबाईंचा एक नियम होता आणि त्या नियमाचा त्यांना भारी तोरा होता. गोधडीसाठी जुने कपडे घेऊन आलेल्या बाईनं आपलं गाठोडं आपल्याच हातानं बांधायचं आणि ती गाठ सोडायची तीही तिच्यासमोरच. वर कोणतं लुगडं, खाली कोणतं, पोटात काय भरायचं, हे तिनं सांगायचं आणि मगच सुलोचनाबाईंनी कात्री उचलायची. नाव लिहून ठेवणं नाही, चिठ्ठी टोचणं नाही. "मले गाठ ओळखू येते," असं त्या म्हणत. आणि खरंच येत असे. कोणी दुहेरी गाठ मारतं, कोणी टोक आत खोचतं, कोणी इतकी आवळतं की दातानं सोडावी लागते. बोरगाव मेघेतल्या अर्ध्या बायकांच्या गाठी त्यांना पाठ होत्या. तोऱ्याला जागा होती, एवढं मान्य करायला हवं.

दोन हजार एकच्या वैशाखात त्यांच्या एकुलत्या मुलाचं, गजेंद्रचं, लग्न झालं आणि हिंगणीची हर्षा सून होऊन घरात आली. शिवणाची खोली नव्या जोडप्याला गेली. मशीन मागच्या खोलीत, ज्वारीच्या कोठीला टेकून उभं राहिलं. गाठोडी कोठीवर, खाटेखाली, दाराच्या मागे, जागा मिळेल तिथं. पावसाळा तसाच गेला. रीळ शोधायचं तर अर्धी खोली उपसावी लागे आणि ते सापडेपर्यंत सुलोचनाबाईंचं तोंड चालू राही.

दिवाळीच्या साफसफाईला हर्षानंच विषय काढला. "आई, मी लावून देऊ काय खोली? कोठी तिकडे सरकवली तं मशीन खिडकीत येते. उजेडाले बरं."

"लाव. पण माया गाठोड्यांले हात नको लावू."

पोरीनं खोली काय लावली! गजेंद्रकडून भिंतीला फळ्या ठोकून घेतल्या. दोरी बांधून कापलेले तुकडे रंगावारी टांगले. मशीन खिडकीत आणलं. सुलोचनाबाईंना मनातून इतकं आवडलं की त्यांनी दोन दिवस फक्त खोडी काढल्या. थंडी तोंडावर आलेली, गोधड्यांची कामं साचलेली. त्या एका हातानं धावदोरा घालत आणि दुसऱ्या हातानं "हे इकडे, ते तिकडे" करत. गाठोडी मात्र त्यांनी स्वतःच फळीवर चढवली. त्यात त्यांचं स्वतःचंही एक होतं. चिंध्या, फाटक्या बंड्या, कामातून गेलेली अस्तरं असा वर्षाचा कचरा त्यांनी पांढऱ्या कापडात बांधून ठेवला होता, जुन्या कपड्यांवर भांडी देणारी भांडेवाली आली की देऊन टाकायला.

भांडेवाली आली ती नेमकी दुपारी, मशीनची वादी तुटली त्या वेळी. सुलोचनाबाईंच्या हाताला काळं लागलेलं, डोकं तापलेलं. त्यांनी फळीवरचं पांढरं गाठोडं ओढून हर्षाच्या हाती दिलं आणि आतूनच ओरडल्या, "झाकणाचा डबा घेजो तिच्याकडून! लहान देईन तं नाई म्हणजो!"

अंगणात भांडेवालीनं गाठ सोडली, कापड चाचपलं. हर्षा दारात परत आली.

"आई, यात धोतर आहे. चांगलं दिसून राह्यलं. पाहता काय एक खेप?"

"जुनं धोतर चांगलं काऊन राहीन? मले गाठ ओळखू येत नाई काय? दे म्हटलं ना!"

हर्षानं दिलं. डबा आला, चांगला मोठा, चकचकीत. सुलोचनाबाईंनी त्यात रिळं ठेवली आणि तो फळीवर मधोमध मांडला. नव्या खोलीला शोभा आली, असं त्या स्वतःच म्हणाल्या.

आता रुख्माबाईंचं सांगायला हवं. रुख्माबाई म्हणजे गल्लीच्या टोकाच्या घरातली सगळ्यात म्हातारी बाई. त्यांचे यजमान नानाजी मागच्या वर्षी गेले. नानाजींची एक खोड साऱ्या बोरगावाला माहीत होती. चूक कोणाचीही असो, हा माणूस आधी म्हणणार, "माहंच चुकलं." दूध उतू गेलं तर, "माहंच चुकलं, मले वास यायले पाहिजे होता." शेजाऱ्याच्या बैलानं त्यांचेच वाल खाल्ले तर, "माहंच चुकलं, मी कुंपण काऊन नाई केलं." रुख्माबाई उभा जन्म या एका वाक्यावर चिडल्या. आणि ते वाक्य घरातून गेल्यापासून त्यांना घर खायला उठत होतं.

आमच्याकडे मानतात की लेकराचं पहिलं दुपटं ज्याच्या कपड्याचं, त्याचा गुण लेकराला लागतो. नातसून प्रेरणाला सहावा महिना लागला तसं रुख्माबाईंनी नानाजींची दोन धोतरं त्यांच्याच पांढऱ्या उपरण्यात बांधली आणि पोळ्याच्या सुमारास सुलोचनाबाईंकडे आणून ठेवली. "पोर व्हायच्या आधी शिवू नोको," त्या म्हणाल्या. "झालं की मी येतो, गाठ सोडतो, मंग शिवजो. बुढ्याचा गुण लागला पाहिजे पोराले. बाकी काई नाई मांगत मी देवाले."

प्रेरणाला मुलगा झाला तेव्हा थंडी चांगली पडली होती. दुसऱ्याच दिवशी रुख्माबाई काठी टेकत आल्या. सोबत त्यांची सून प्रमिलाबाई होती. सुलोचनाबाईंनी पाट दिला, साखर तोंडात घातली आणि फळीवरचं पांढरं गाठोडं काढून समोर ठेवलं.

रुख्माबाईंनी गाठीवर बोट फिरवलं. "हे गाठ माही नाई," त्या म्हणाल्या.

"तुमचीच आहे, मावशी. सोडा तं खरं."

त्यांनी सोडली. आतून फाटक्या बंड्या निघाल्या, चिंध्या निघाल्या, तेलकट अस्तर निघालं.

सुलोचनाबाईंना एका क्षणात सगळं दिसलं. वादी, काळे हात, दारात उभी असलेली हर्षा, "पाहता काय एक खेप?" नजर फळीवर गेली, तर तिथं डबा चमकत होता. रुख्माबाईंचे हात चिंध्यांत काहीतरी शोधत होते, अजून काहीतरी खाली असेल म्हणून. प्रमिलाबाई म्हणाली, "धोतरं कुठं गेले, सुलोचनाबाई?"

"हर्षानं," सुलोचनाबाई म्हणाल्या. "नवी आहे ना. खोली लावताना तिनं... भांडेवालीले देऊन देल्लं असंन."

शब्द तोंडातून निघाले आणि मग कळलं की हर्षा चहा घेऊन दारात उभी आहे.

सून काय बोलेल? बोलली असती तर सुलोचनाबाईंचं नाक कापलं गेलं असतं, पण सुटल्याही असत्या. हर्षानं चहाचे कप खाली ठेवले. तिचा चेहरा लाल झाला होता. ती रुख्माबाईंच्या पाया पडली आणि म्हणाली, "माहंच चुकलं, आजी."

रुख्माबाईंचे हात थांबले. त्यांनी हर्षाकडे पाहिलं. मग डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, "अस्संच म्हणे तो." आणि स्वतःच्या पेटीतलं मऊ पडलेलं लुगडं पाठवून देते, त्याचंच शिव, असं सांगून काठी टेकत निघून गेल्या.

त्या संध्याकाळी सुलोचनाबाईंनी हर्षाला चारदा हाक मारली. एकदा मिठाचं विचारलं, एकदा गजेंद्र कधी येणार ते विचारलं, दोनदा उगीच. जे म्हणायचं ते ओठावर येई आणि परत जाई. सासूनं सुनेसमोर मान खाली घालायची म्हणजे काय, हे त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं. त्यांच्या सासूनं तर त्यांच्यासमोर कधी डोळेसुद्धा खाली घातले नव्हते. उद्या सांगू, असं म्हणून त्या निजल्या. तो उद्या उजाडलाच नाही.

गल्लीत मात्र उजाडलं. प्रमिलाबाईच्या तोंडाला झाकण नव्हतं. गोधडीवाल्या बायका येत आणि गाठोडं देताना हळूच म्हणत, "सुनेच्या हाती नोको देजो बरं, बाई." काही जणी हळूसुद्धा म्हणत नसत. नव्या नवरीचं नाव कच्च्या रंगासारखं असतं. एकदा पाणी लागलं की साऱ्या कपड्यावर पसरतं. हर्षानं मागच्या खोलीत यायचं बंद केलं. तिनंच लावलेली खोली, तिनंच टांगलेले तुकडे, आणि ती उंबऱ्याबाहेरून विचारायची, "आई, चहा तिथं आणू की इथं पेता?"

सुलोचनाबाई खिडकीच्या उजेडात रुख्माबाईंच्या लुगड्याचं दुपटं शिवत बसत. इतका छान उजेड त्यांना उभ्या जन्मात मिळाला नव्हता आणि टाका वाकडाच पडत होता. उसवायचा, पुन्हा घालायचा. आपण चोर आहोत आणि चोरीचा माल सुनेच्या उशाखाली ठेवलाय, असं त्यांना वाटे. डबा त्यांनी फळीवरून उचलून कोठीमागे टाकला. त्यानं काय होणार होतं? रीळ घ्यायला कोठीमागेच वाकावं लागे. भांडेवालीचीही त्या वाट पाहत होत्या. ती आली तेव्हा अंगणात धावल्या, तर तिनं हात हलवले. दिवाळीचा माल केव्हाच बाजारात गेला होता.

बारशाला रुख्माबाईंचं घर बायकांनी भरलं होतं. घुगऱ्यांची परात फिरत होती. दुपट्यात गुंडाळलेलं पोर या मांडीवरून त्या मांडीवर जात होतं. हर्षा कोपऱ्यात बसली होती. पोर तिच्या शेजारणीपर्यंत आलं तशी प्रमिलाबाई हसत ओरडली, "अवो, हर्षाले नोको देऊ! भांडेवालीले देऊन देईन अन् डबा घेऊन येईन!"

बायका खो खो हसल्या. हर्षानं पोरासाठी पुढे केलेले हात मागे घेतले आणि तीही हसली. ते हसू सुलोचनाबाईंनी पाहिलं. प्रमिलाबाईचा त्यांना असा राग आला की तिच्या झिंज्या धराव्यात. आणि दुसऱ्याच क्षणी वाटलं, प्रमिलाबाईचं काय चुकलं? तिच्या हाती हे कोलीत दिलं कोणी?

"मी देल्लं ते," सुलोचनाबाई म्हणाल्या. आवाज मोठाच निघाला. "हर्षानं नाई. ती म्हणत होती, आई, पाहता काय एक खेप. मीच म्हटलं, दे. अन् तुमच्यासमोर तिचं नाव घेतलं तेही मीच. खोटं बोलली मी."

परात फिरायची थांबली. आता रुख्माबाई बोलतील, चार लोकांत अब्रू काढतील, काढू देत, असं सुलोचनाबाईंना वाटलं. पण रुख्माबाईंनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी हर्षाला हात केला, जवळ बोलावलं आणि पोर तिच्या मांडीवर ठेवलं.

"तुयी एखांदी जुनी साडी आहे काय, माय?" त्यांनी विचारलं.

"आहे, आजी. हिंगणीहून आणलेली. काऊन?"

"याले दुपटं शिवायचं आहे."

"हे आहे ना पण."

"हे माया लुगड्याचं आहे. मले कई म्हणता आलं 'माहं चुकलं'? साठ वर्सं बुढ्याशी भांडण केलं म्या." रुख्माबाईंनी पोराच्या अंगावरची घडी नीट केली. मग मान न वळवता म्हणाल्या, "शिवजो तूच, सुलोचना. तुयाच हातानं."

दुसऱ्या दिवशी दुपारी हर्षा उंबऱ्याबाहेर आली आणि निळ्या सुती साडीचं गाठोडं तिनं आत सरकवलं. गाठ साधीच होती, एकेरी. सुलोचनाबाईंनी ते मांडीवर घेतलं, पण सोडलं नाही.

"आत ये," त्या म्हणाल्या. "गाठ तुले सोडा लागते."

हर्षा आत आली. इतक्या दिवसांनी ती त्या खोलीत आली होती. तिनं आधी दोरीवरचे तुकडे पाहिले, मग फळीवरची डब्याची रिकामी जागा पाहिली. ती समोर बसली आणि गाठीला हात घातला. सुलोचनाबाईंनी तिचा हात धरला. काल बायकांसमोर बोलल्या ते सोपं होतं, हे त्यांना आत्ता कळत होतं. इथं दोघीच होत्या.

"माहंच चुकलं, हर्षा."

हर्षाची मान खालीच होती. "मी तुमाले सगळ्यांसमोर खोटं कशी पाडू, म्हणून बोलली मी तसं," ती म्हणाली. "मले वाटलं, आजी गेल्यावर तुम्ही म्हणसान. त्या दिवशी तुम्ही चारदा हाक मारली, आई. चारही खेपा मी धावत आली."

सुलोचनाबाईंनी तिचा हात सोडला. हर्षानं गाठ सोडली, साडी दोघींच्या मध्ये पसरली आणि काठ कोणत्या बाजूला घ्यायचा ते सांगितलं. सुलोचनाबाईंनी कात्री उचलली.