कोतरपुऱ्याचा नकार

"ना एटले ना," गावचा ठराव सांगून झाल्यावर रेवाबेन म्हणाल्या आणि खाली बसल्या.

शाळेच्या पटांगणात घातलेल्या मांडवात सगळं गाव जमलं होतं. टेबलामागे बसलेल्या मार्गरेटबाईंनी मान वळवून आपल्या दुभाष्या बाईंकडे पाहिलं. निरुपमा खानविलकर उभ्या राहिल्या आणि त्यांनी इंग्रजीत सांगितलं, "सरपंचबाई म्हणतात, नाही म्हणजे नाही. गावच्या गायरानात, तळ्याच्या काठी कारखान्यांचा विषारी कचरा पुरू द्यायला गाव तयार नाही. ग्रामसभेनं तसा ठराव केला आहे."

मार्गरेटबाईंनी ते टिपून घेतलं. शेजारचे मजमुदारसाहेब, प्रकल्पाचे मुख्य अधिकारी, छताकडे बघत बसले.

निरुपमाबाईंची सगळी नोकरी बडोद्याच्या कोर्टात भाषांतरकार म्हणून झाली होती. घरात मराठी, पाणीगेटच्या गल्लीत गुजराती आणि कोर्टात इंग्रजी, अशा तीन भाषांत त्यांचा दिवस जायचा. साक्षीदारानं शिवी दिली तर त्या तीही न चाचरता इंग्रजीत सांगत. आपलं मत मात्र त्यांना कुणी कधी विचारलं नाही, आणि त्याचं त्यांना काही वाटलंही नाही. निवृत्तीनंतर सयाजीगंजातल्या एकदोन कचेऱ्या किरकोळ कामं देत. त्यांतल्याच एकीनं त्यांचं नाव इथं कळवलं होतं.

मकरपुऱ्याच्या आणि आसपासच्या कारखान्यांचा कचरा कोतरपुऱ्यात पुरायचा, त्यासाठी एक परदेशी बँक सरकारमार्फत कर्ज देणार होती. बँकेची अट एकच. गावाची संमती समोरासमोर विचारून घ्यायची. त्यासाठी बँकेनं मार्गरेटबाईंना धाडलं होतं. सकाळी गाडी दारात आली तेव्हा निरुपमाबाईंना त्या अटीचं कौतुक वाटलं होतं. त्यांचे यजमान विश्वंभरराव मात्र म्हणाले होते, "आपल्याच गावाला विचारायला सातासमुद्रापलीकडून माणूस यावा लागतो होय?"

जेवणाच्या सुट्टीत प्रकल्पाचा जनसंपर्क अधिकारी धनाजीराव शितोळे त्यांच्याजवळ आला. मुलगा बडोद्याचाच, त्यांच्या माहेरच्या ओळखीतला.

"काकू, जरा बाजूला येता? अहो, तुम्ही हे 'नाही, नाही' काय लावलंय? 'लोकांना थोड्या शंका आहेत' असं म्हणा ना. चाले!"

"शंका नाहीत त्यांना, धनाजी. त्यांचा नकार आहे."

"बरं, नकार. पण ही बाई उद्या दिल्लीत जाऊन सांगणार, ह्यांच्यात एकमत नाही. कर्ज जाईल दुसऱ्या देशाला. बाहेरच्यांसमोर आपल्याच देशाची अब्रू कशाला घालवायची?"

"आपल्या माणसांना विचारा, हे आपल्याला बाहेरच्या बँकेनं सांगितलं. अब्रू तेव्हाच गेली रे."

धनाजीरावानं हसून मान हलवली. "तुम्ही दमलात, काकू. दुपारचं मी बघतो. तुम्ही मागं पंख्याजवळ आरामथी बसा."

दुपारी मंगळभाई नावाचा शेतकरी उठला. तो गुजरातीत म्हणाला, "आमच्या विहिरींना आत्ताच पिवळं पाणी येतं. तळं गेलं तर ढोरं पाण्याला कुठं न्यायची?"

धनाजीरावानं अस्खलित इंग्रजीत सांगितलं, "गावकऱ्यांना पाण्याची अधिक चांगली सोय हवी आहे."

मागच्या रांगेतला एक तरुण तावातावानं म्हणाला, "एवढं चांगलं काम असेल तर बाईंनी ते स्वतःच्या देशात करावं."

"तरुणांना परदेशी तंत्रज्ञानाची फार उत्सुकता आहे," धनाजीराव म्हणाला.

मार्गरेटबाईंचा चेहरा खुलला. आपण सगळे या कामात भागीदार आहोत, अशा अर्थाचं त्या काहीतरी बोलल्या. धनाजीरावानं ते गुजरातीत गावाला सांगितलं: "बाईंना तुमचं म्हणणं पटलं आहे. तळ्याला हात लागणार नाही." मांडवात टाळ्या पडल्या. रेवाबेनही टाळ्या वाजवत होत्या. महिलांसाठी राखीव जागेवर त्या निवडून आल्या होत्या, आणि सरपंच म्हणून मोठ्या सभेत बोलण्याची ही त्यांची पहिलीच वेळ. त्या शेजारणीकडे बघून हसल्या.

निरुपमाबाई उठल्या. कोर्टात कधी विचारल्याशिवाय तोंड न उघडलेल्या या बाईनं टेबलापाशी जाऊन इंग्रजीत सांगितलं, "मॅडम, हे लोक असं म्हणाले नाहीत. ते काय म्हणाले, ते मी सांगते." आणि मंगळभाईचं आणि त्या तरुणाचं बोलणं त्यांनी जसंच्या तसं सांगितलं.

मार्गरेटबाईंनी मजमुदारसाहेबांकडे पाहिलं. साहेब हलक्या आवाजात म्हणाले, "निवृत्त बाई आहेत. जरा भावनाप्रधान आहेत."

मार्गरेटबाईंनी थोडा विचार केला. मग त्या सौम्यपणे म्हणाल्या, "मी तुमची आभारी आहे. पण दुभाषा कोण, हे तुमच्या सरकारनं ठरवायचं. तुमच्या देशाच्या अंतर्गत बाबीत आम्ही पडत नाही. तुमच्या सार्वभौमत्वाचा आम्हाला आदर आहे."

निरुपमाबाई वळल्या आणि त्यांनी सगळं गुजरातीत गावाला सांगितलं. आपण कशावर टाळ्या वाजवल्या, हे कळताच माणसं उठून उभी राहिली. आरडाओरडा झाला, कुणीतरी माईक बंद केला आणि पाहुण्यांच्या गाड्या धूळ उडवत निघून गेल्या. निरुपमाबाईंना परत न्यायला एकही थांबली नाही.

रेवाबेन जवळ आल्या. "बेन, मी तर ना पाडली, नाही म्हटलं. सगळ्यांच्या देखत. मग ऐकू कुणाला आलं?"

"मला आलं," निरुपमाबाई म्हणाल्या. त्याचा काही उपयोग नव्हता, हे दोघींनाही कळत होतं.

पुढे बरेच महिने दोघी मिळून कचेऱ्या हिंडल्या. सरकारी साहेब म्हणत, बँकेचं समाधान झालं आहे, आता आमच्या हातात काय? बँकेच्या दिल्लीच्या कचेरीतला माणूस फोनवर म्हणाला, संमती तुमच्या सरकारनं कळवली आहे, त्यांनाच विचारा. आमदार भेटले. त्यांनी चहा पाजला, आणि विकासाला विरोध बरा नव्हे, असं सांगितलं. त्याच वर्षी पंचायतीतले सदस्य एकेक करून फुटले आणि अविश्वासाचा ठराव आणून त्यांनी रेवाबेनना सरपंचपदावरून काढलं. नव्या सरपंचानं ग्रामसभा बोलावली. या खेपेला गावानं होकार दिला. जे आले नाहीत, त्यांचाही होकारच धरला.

सयाजीगंजातल्या कामांनी निरुपमाबाईंच्या घरची वाट सोडली. "पुरे झालं आता," विश्वंभरराव एकदा म्हणाले. पण दुसऱ्याच दिवशी त्या कोतरपुऱ्याला निघाल्या तेव्हा बसथांब्यापर्यंत छत्री धरून तेच पोचवायला आले.

रेवाबेन त्यांना गावाबाहेर घेऊन गेल्या. गायरानाला काटेरी तारेचं कुंपण पडलं होतं. आत मातीचे ढीग होते, त्यांच्या पलीकडे तळ्याचा थोडासा काठ अजून दिसत होता. वारा सुटला की घशात खवखवणारा वास येई. कुंपणाच्या खांबावर नवीकोरी पाटी होती, नुसती इंग्रजी.

"रोज इथं येऊन उभी राहते," रेवाबेन म्हणाल्या. त्यांनी दोन काट्यांच्या मधली तार मुठीत धरली होती. "सासरी आले तेव्हापासून माझी ढोरं इथंच चरायची. ह्या पाटीवर शुं लखेलुं छे, बेन? कुणाला वाचता येत नाही."

निरुपमाबाईंनी पाटी वाचली. काही न सांगता परत फिरावं, असं त्यांना वाटलं. पण रेवाबेन त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या, आणि शब्द बदलून सांगणं त्यांना आयुष्यात जमलं नव्हतं.

"ही खाजगी जागा आहे," त्यांनी गुजरातीत सांगितलं. "परवानगीशिवाय कुणी जवळ येऊ नये."

रेवाबेननी तारेवरचा हात काढून घेतला.